ठाण रिकामं, बिल चालू

पुणे-मुंबईत आणि इतर शहरांच्या आसपास स्वतःचा घोडा रायडिंग क्लबच्या किंवा खासगी तबेल्यात ठेवणारे बरेच जण आहेत. क्लबांच्या भाषेत याला 'लिव्हरी' म्हणतात. घोडा तुमचा, ठाण त्यांचं. चंदी, वैरण, खरारा आणि साफसफाई यांचं मिळून एक मासिक शुल्क. घोडा ठाणावर असतो तोवर या शुल्कावर फारसं कुणी बोलत नाही. तो स्पर्धेला, प्रशिक्षकाकडे किंवा दवाखान्यात गेला, घोडी फळवायला स्टड फार्मवर पाठवली, की महिनाअखेरीस कुरबुर सुरू होते. मालकाला वाटतं, घोडा नाही तर पैसे कसले? तबेलेवाल्याला वाटतं, जागा अडवलीय तर पूर्ण पैसे हवेत. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं आणि बऱ्याच समजुती असतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १: घोडा नाही, म्हणजे त्याच्यावर खर्चच नाही.

वस्तुस्थिती: शुल्काचा एक भाग घोड्याच्या तोंडाशी आणि पायाखाली जातो, उरलेला ठाणाला आणि माणसांना. चार-साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला वैरण आणि चंदी मिळून आठ-दहा किलो सुका आहार खातो. शिवाय पायाखालचा पेंढा किंवा भुसा रोज बदलावा लागतो. घोडा बाहेर असताना हे खरोखर वाचतं. पण सईस एकटा दोन-तीन घोडे बघत असतो. एक घोडा महिनाभर गेला म्हणून त्याचा तिसरा हिस्सा पगार कापता येत नाही. जागेचं भाडं, वीज, रात्रीचा राखणदार, अरीनाची देखभाल, कुंपणाची डागडुजी हेही तसंच चालू राहतं.

समजण्यापुरते आकडे धरू. महिन्याचे अठरा हजार घेणाऱ्या तबेल्यात साडेसात हजार चंदी-चाऱ्याचे आणि पेंढ्याचे, साडेचार हजार सईसाचे, चार हजार जागेचे व देखभालीचे आणि दोन हजार व्यवस्थापनाचे असतील, तर घोडा पूर्ण महिना बाहेर राहिल्यास वाचणारी रक्कम साडेसात हजारांच्या आसपास येते. म्हणजे शून्य बिल मागणारा मालक आणि पूर्ण अठरा हजार मागणारा तबेलेवाला, दोघंही हिशेबाला धरून नाहीत. यातही एक अडचण आहे. गवत हंगामात एकदम भरून ठेवलेलं असतं. आज सांगून उद्या घोडा नेला तर त्याचा वाटा लगेच वाचत नाही. म्हणून काही दिवस आधी सांगितलं तर सवलत मागायला तोंड राहतं.

सईस मालकाने स्वतः ठेवला असेल आणि तो घोड्याबरोबर गेला असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो. तबेल्याच्या बिलातला सईसाचा भाग मुळात नसतोच. उलट त्याचा पगार चालू राहून वर बाहेरगावच्या राहण्या-जेवणाचा भत्ता मालकाला द्यावा लागतो.

गैरसमज २: लेखी करार नाही, म्हणजे बंधन नाही.

वस्तुस्थिती: भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो. शब्दांत न मांडलेलं, पण दोघांच्या वागण्यातून दिसणारं वचनही कायदा मानतो. मागच्या वर्षी घोडा दोन महिने बाहेर होता आणि तुम्ही मुकाट्याने पूर्ण पैसे भरले असतील, तर या वर्षी तबेलेवाला त्याच व्यवहाराकडे बोट दाखवेल. त्याने तेव्हा अर्धं बिल लावलं असेल, तर तेच बोट तुम्ही त्याच्याकडे दाखवू शकता. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, यूपीआयच्या नोंदी, हाताने लिहिलेली पावती, सगळं पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. लेखी नसलेल्या व्यवहारात बंधन असतंच. ते नेमकं काय होतं हे सिद्ध करताना मात्र दोघांचाही घाम निघतो.

गैरसमज ३: घोडा गाडीत चढवला, की करार आपोआप संपला.

वस्तुस्थिती: घोडा बाहेर नेणं आणि तबेला सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोगीर, झूल, खाण्याची पाटी मागे ठेवून घोडा नेला, तर तो परत येणार असंच कुणीही समजेल. सोडायचं असेल तर तसं स्पष्ट कळवावं लागतं आणि ठरलेली नोटीस द्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती एक महिन्याची असते.

अनामत रकमेबद्दलही अशीच एक चुकीची समजूत आहे. 'नोटीस न दिल्यास संपूर्ण अनामत जप्त' असं लिहिलेलं असलं, की पूर्ण रक्कम गेलीच असं लोक धरून चालतात. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे. तिच्या आत राहून वाजवी भरपाईच मिळू शकते. म्हणजे ठाण दुसऱ्याच आठवड्यात नव्या घोड्याने भरलं असेल, तर तीन महिन्यांची अनामत गिळण्याचं समर्थन करणं तबेलेवाल्याला जड जाईल.

गैरसमज ४: रिकाम्या ठाणात तबेलेवाला कुणालाही बांधू शकतो. किंवा, कुणालाच बांधू शकत नाही.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चूक आहेत, तुम्ही पैसे कशाचे भरताय यावर उत्तर ठरतं. जागा राखून ठेवण्यासाठी पैसे चालू असतील, तर ती जागा मागाल तेव्हा मिळाली पाहिजे. मधल्या काळात तिथे दुसरा घोडा बांधून त्याचंही पूर्ण शुल्क घेतलं, तर एकाच ठाणाचे दोनदा पैसे झाले. त्यावर सवलत मागणं अगदी रास्त आहे. करार मोडल्यावर भरपाई ठरवताना नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग हाताशी होते हेही पाहावं, असं कलम ७३ चं स्पष्टीकरण सांगतं. जागा भरून घेण्याची संधी असलेल्याने हातावर हात ठेवून बसू नये, हाच त्याचा रोख आहे.

दुसरा घोडा बांधायला हरकत नसेल, तर एक अट आवर्जून घाला. तुमचा घोडा परत येण्याआधी ठाण धुऊन निर्जंतुक झालं पाहिजे. गजकर्णासारखे त्वचारोग आणि श्वसनाचे संसर्ग गव्हाणीतून, पाण्याच्या बादलीतून आणि खरारा करण्याच्या ब्रशातून सहज पसरतात.

गैरसमज ५: एका घोड्याचे दोन ठिकाणी पैसे भरायचा प्रश्नच येत नाही.

वस्तुस्थिती: येतो, आणि किती काळ भरायचे हे घोडा कुठे गेलाय यावर ठरवावं. चार दिवसांच्या स्पर्धेसाठी सवलत मागण्यात अर्थ नाही. वाचणाऱ्या चंदीपेक्षा हिशेबाची कटकट मोठी. दवाखान्यातला मुक्काम बहुधा दिवसांत किंवा आठवड्यांत मोजायचा असतो आणि परतल्यावर घोड्याला ओळखीची जागा लागते, म्हणून ठाण राखणं शहाणपणाचं.

घोडी फळवायला पाठवली की चित्र वेगळं. तिचं माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं. पहिल्या वेळी गाभ राहिला नाही तर पुढच्या माजाची वाट पाहावी लागते. 'पंधरा दिवसांत येईल' म्हणून पाठवलेली घोडी दोन-अडीच महिने तिथेच राहणं यात नवल नाही. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. ती विण्यासाठीही तिथेच राहणार असेल, तर वर्षभर शहरातलं ठाण पैसे देऊन अडवण्यापेक्षा ते सोडून प्रतीक्षा यादीत नाव लावणं स्वस्त पडतं.

शर्यतीच्या घोड्यांना हा पेच फारसा पडत नाही. मुंबईचा हंगाम संपून पुण्याचा सुरू झाला, की ट्रेनरचे घोडे त्याच्याबरोबर हलतात आणि त्याचा आकारही त्यांच्यासोबत चालू राहतो. ती पद्धत रायडिंग क्लबच्या लिव्हरीला लावायला गेलं, की गोंधळ होतो.

गैरसमज ६: थकबाकी असेल तर तबेलेवाला घोडा अडवून विकू शकतो.

वस्तुस्थिती: अडवण्याचा हक्क मर्यादित आहे आणि विकण्याचा तर त्याहून वेगळा विषय. इंग्लंडच्या जुन्या निवाड्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. १८३३ च्या जडसन विरुद्ध एथरिज खटल्यात ठरलं, की घोडा नुसता ठेवून खायला घालणाऱ्याला पैशांसाठी तो अडवता येत नाही. त्याआधी १८२८ च्या बेव्हन विरुद्ध वॉटर्स खटल्यात मात्र ट्रेनरला तो हक्क मिळाला होता, कारण त्याच्या कसबाने घोड्याची किंमत वाढते.

आपल्या करार कायद्याचं कलम १७० याच धाटणीचं आहे. सांभाळायला दिलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य वापरून सेवा दिली असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. करारात उलट काही ठरलेलं नसलं पाहिजे. घोडा शिकवून तयार करणाऱ्याची बाजू इथे भक्कम ठरते. नुसतं ठाण आणि चंदी पुरवणाऱ्याची तितकी नाही. सर्व प्रकारच्या येणे रकमांसाठी वस्तू अडवण्याचा जो व्यापक हक्क कलम १७१ देतं, त्याच्या यादीत बँका, वकील वगैरे आहेत, तबेलेवाले नाहीत. आणि ठेवून घेण्याच्या हक्कात विकण्याचा हक्क आपोआप येत नाही.

आपल्या विषयाशी थेट जोडलेला मुद्दा पुढे आहे. हा हक्क ताब्यावर टिकतो. घोडा बाहेर गेला, की अडवायला हातात काही उरत नाही. १८४९ च्या फोर्थ विरुद्ध सिम्पसन खटल्यात मालक शर्यतीसाठी हवा तेव्हा घोडा नेऊ शकत होता, म्हणून ट्रेनरचाही हक्क न्यायालयाने मानला नाही. घोडा लांबच्या मुक्कामाला निघताना तबेलेवाला मागची बाकी चुकती करा म्हणतो, त्यामागे हे व्यवहारज्ञान आहे. त्याचा राग मानू नये.

गैरसमज ७: शुल्क चालू आहे, म्हणजे बाहेरही जबाबदारी तबेल्याचीच.

वस्तुस्थिती: सामान्य शहाणा माणूस आपल्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणं, ही कलम १५१ ची अपेक्षा ज्याच्या ताब्यात घोडा आहे त्याच्याकडून आहे. स्टड फार्मवर पोटशूळ उठला किंवा गाडीत पाय दुखावला, तर घरच्या तबेल्याला जाब विचारता येत नाही. वाहतूक त्यांनीच केली असेल तर गोष्ट निराळी. विमा असेल, तर तो प्रवासात आणि दुसऱ्या पत्त्यावर लागू आहे का, हे निघण्याआधी पाहून घ्या.

गैरसमज ८: परत आला, की सरळ जुन्या ठाणावर.

वस्तुस्थिती: बाहेरून आलेला घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवणं ही चांगल्या तबेल्याची रीत आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोडेबाजारात गावोगावचे घोडे एकत्र येतात. असा घोडा परतल्यावर ही काळजी दुप्पट घ्यावी. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. २००९ च्या प्राणीरोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला मारावं लागतं. चाचण्यांचं काम हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राशी जोडलेलं आहे.

वेगळ्या ठाणाचा, तिथल्या स्वतंत्र बादल्या-ब्रशांचा आणि रक्ततपासणीचा खर्च मालकाच्या बिलात येऊ शकतो, म्हणून तो आधीच विचारून घ्या. तिकडे चंदी बदललेली असेल, तर इथली चंदी सात-दहा दिवसांत हळूहळू वाढवावी. एकदम बदलली तर पोटशुळाला आमंत्रण. हा सगळा काळही मुक्कामाच्या हिशेबात धरा.

मग ठरवायचं काय?

लिव्हरीच्या करारात पाच गोष्टी असाव्यात: किती दिवसांनंतर सवलत सुरू होणार, शुल्काचा कोणता भाग थांबणार आणि कोणता चालू राहणार, किती दिवस आधी कळवायचं, मधल्या काळात ठाण दुसऱ्याला देता येईल का आणि दिलं तर किती वजावट, आणि परतल्यावरच्या वेगळ्या ठाणाचा खर्च कुणाचा. करार नसेल, तर घोडा निघण्याआधी एक निरोपही काम भागवतो. असा काहीसा:

"दादा, घोडी सोमवारपासून साधारण दोन महिने स्टड फार्मवर असेल. ठाण राखून ठेवा. चंदी, वैरण आणि पेंढ्याचे पैसे वजा करून बाकी दर महिन्याच्या ५ तारखेला पाठवतो. मध्ये दुसरा घोडा बांधला तर कळवा, तेवढे दिवस वजा धरू. यायच्या दहा दिवस आधी सांगतो. चालेल का?"

'चालेल' असं उत्तर आलं, की तो निरोप पुसू नका.