सागरापलीकडील सहल : मोसम कोणाचा पाहावा?

समुद्र ओलांडावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या पणजोबांच्या पिढीस पडत असे. शास्त्रकारांनीं समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलें होतें, आणि विलायतेहून परतलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावें कीं दूर ठेवावें, ह्यावर गांवोगांव वाद माजत. तो वाद इतिहासजमा झाला. आज नाशकांतील मध्यम स्थितीच्या घरांतही परदेशच्या सहलीची गोष्ट निघते, आणि वाद होतो तो जावें कीं न जावें ह्याविषयीं नव्हे, तर केव्हां जावें ह्याविषयीं. हा दुसरा प्रश्न पहिल्याइतका गंभीर दिसत नाहीं, म्हणूनच त्याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं.

बहुतेक घरांत उत्तर तयार असतें : नाताळच्या सुटींत. तेव्हां सारें जग फिरावयास निघतें, त्या अर्थीं तोच मोसम उत्तम असला पाहिजे, असा हा तर्क आहे. परंतु सारें जग म्हणजे कोण, हें पाहिलें पाहिजे. लंडन किंवा पॅरिस येथील मनुष्यास डिसेंबरांत सकाळीं आठपर्यंत उजेड दिसत नाहीं आणि दुपारीं चारच्या सुमारास अंधारूं लागतें. तो उन्हाला भुकेलेला असतो. तें ऊन दमट असो, तापट असो, त्यांत वादळाचें भय असो, त्याला तें हवेंच असतें. त्याचें पंचांग त्याच्या घरच्या थंडीवरून बनलेलें आहे. तें आपण जसेंच्या तसें उचलावें, ह्यांत शहाणपण नाहीं.

नाशककरांस उन्हाचें दारिद्र्य कधींच नव्हतें. गोदाकांठचे दगड चैत्र-वैशाखांत कसे तापतात, हें ज्यांनीं अनवाणी पायांनीं अनुभवलें आहे, त्यांस आणखी ऊन विकत घेण्याचें कारण नाहीं. आपणांस हवें असतें तें निवळलेलें ऊन : आकाश स्वच्छ असावें, समुद्राचा रंग खुलावा, मुलांना वाळूंत खेळतां यावें, आणि घरांतील वडील माणसांना दुपारीं बाराला खोलींत कोंडून घ्यावें लागूं नये. सहलीचा महिना निवडावयाचा तो ह्या कसोटीनें.

ही दृष्टि नवी नाहीं. मोसम हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ ऋतु, ठराविक काळ. इंग्रजी मान्सून हा शब्दही त्याच मुळापासून निघाला आहे. अरबी समुद्रावर ये-जा करणाऱ्या नाखव्यांचें सारें गणित ह्या एका शब्दांत होतें. आमच्या पांडवलेण्यांतील १० व्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात ह्याचा जो लेख आहे, त्यांत भरुकच्छ व शूर्पारक ह्या बंदरांचीं नांवें आहेत. १७ व्या लेण्यांत इंद्राग्निदत्त नामक यवनाच्या दानाचा उल्लेख आहे. त्या बंदरांत येणारीं गलबतें नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येत आणि हिंवाळ्यांतील ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. केव्हां निघावयाचें हें माणूस ठरवीत नसे, वारा ठरवीत असे. विमानानें आपणांस वाऱ्याच्या ताबेदारींतून सोडविलें. ऋतूच्या ताबेदारींतून मात्र सोडविलें नाहीं.

उदाहरणादाखल मॉरिशस घेऊं. शाळेंत संस्कृताबरोबर भूगोलाचे तासही आमच्याकडे असत, आणि नकाशावरील एक योग आम्ही विद्यार्थ्यांस आवर्जून दाखवीत असूं. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० अंशांवर आहे. मॉरिशस दक्षिणेस सुमारें २० अंशांवरच आहे. जणूं विषुववृत्ताचा आरसा धरून पाहावें! २१ मेच्या सुमारास नाशकास मध्यान्हीं सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीं लोपते. मॉरिशसला तोच प्रकार २१ नोव्हेंबरच्या सुमारास घडतो. उलट, मेच्या तिसऱ्या आठवड्यांत तेथें मध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ५० अंशच वर असतो, म्हणजे आपल्याकडे कार्तिक-मार्गशीर्षांत असतो तितका. मुलांच्या उन्हाळी सुटींत नाशिक भाजून निघत असतां आपलेंच हिंवाळ्यांतील ऊन सहा तासांच्या विमानप्रवासावर पडलेलें असतें.

तेथील वर्षाचे स्थूलमानानें दोन भाग पडतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व दमट काळ. मे ते ऑक्टोबर हा थंड व कोरडा. चक्रीवादळांचें भय उष्ण काळांत, त्यांतही जानेवारी ते मार्च ह्या तीन महिन्यांत विशेष. १९६० सालच्या फेब्रुवारींत कॅरोल नांवाच्या वादळानें त्या बेटावर हाहाकार उडविला, आणि जानेवारी २०२४ मध्यें बेलाल वादळाच्या वेळीं राजधानी पोर्ट लुई येथील रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या व विमानतळ बंद ठेवावा लागला. वादळाचे इशारे तेथें चार श्रेणींनीं देतात आणि लोक ते शिस्तीनें पाळतात. रहिवाशास तें सोपें असतें. पांच दिवसांच्या पाहुण्याचे दोन दिवस मात्र दारें लावून बसण्यांत जातात. ज्या नाताळाला आपण मोसम समजतों, तो ह्या तापट काळाचा आरंभ आहे, आणि विमानाचें व निवासाचें भाडेंही तेव्हांच सर्वांत चढें असतें.

आतां योगायोग पाहा. आपल्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्या, मेची व दिवाळीची, ह्या दोन्ही तेथील उत्तम दिवसांवर येतात. ह्या दोहोंतही भेद आहे. पाणी सावकाश तापतें आणि सावकाशच निवतें. त्यामुळें मे महिन्यांत हवा थंडावली तरी समुद्रांत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. ज्यांना समुद्रस्नानाची हौस आहे त्यांनीं मे पत्करावा. दिवस मात्र लहान असतो. सायंकाळीं पावणेसहाच्या आंत सूर्य मावळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाऊस सर्वांत कमी, दिवस मोठा, पण पाणी किंचित् गार. तेव्हां सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. वारा गार लागतो म्हणून ऊन लागत नाहीं असें समजूं नये. दुपारीं अकरा ते तीन मुलांस सावलींत ठेवावें. जुलै-ऑगस्टांत हवा कोरडी असली तरी वारा फार, आणि रात्रीं स्वेटर लागतो.

महिन्याइतकेंच दिशेचेंही महत्त्व आहे. इगतपुरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तासाभराच्या अंतरावरील नाशकास सातशेंच्या आसपास, हें आपण नित्य पाहतों. सह्याद्रीनें जें येथें केलें, तेंच मॉरिशसच्या मधल्या पठारानें तेथें केलें आहे. थंडीच्या महिन्यांत आग्नेयेचा वारा पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवर आदळतो. क्युरपीप गांवीं पठारावर ढग व भुरभुर. आणि पश्चिमेस फ्लिक-आं-फ्लाककडे त्याच वेळीं लख्ख ऊन. मेमध्यें जाणाऱ्यानें मुक्काम पश्चिमेस किंवा उत्तरेस करावा.

ह्या बेटाचें आम्हांस ममत्व वाटतें त्याचें आणखी एक कारण आहे. १८३४ पासून गिरमिटाच्या करारानें जे मजूर तेथें उंसाच्या मळ्यांत नेले गेले, त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारशांत नोंदला गेला. त्यांचे वंशज आज घरीं बहुधा क्रिओल बोलतात; पण मराठी तेथें शाळेंत शिकवितात, आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. ते लोक मोसम पाहून निघाले नव्हते. मळ्यांना मजूर हवे होते तेव्हां निघाले. ऊन शोधीत जाणाऱ्यांनीं एक प्रातःकाळ त्या पायऱ्यांवर घालवावा, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.

इतर देशांविषयीं थोडक्यांत. आमच्या परिचयाचें एक कुटुंब मेच्या अखेरीस सिंहलद्वीपीं गॉल येथें गेलें. घरांतील सत्तरी उलटलेल्या आजींनीं समुद्र पाहण्यासाठीं पैसे सांठविले होते. नैर्ऋत्येचा पाऊस नेमका त्याच सुमारास उतरला, आणि आजींनीं सारा समुद्र खिडकींतून पाहिला. देश वाईट नव्हता, किनारा चुकला. त्या द्वीपास दोन पावसाळे आहेत : मे ते सप्टेंबर पश्चिम व दक्षिण किनारा भिजतो, तर डिसेंबर-जानेवारींत पूर्व किनारा. मेमध्यें त्रिंकोमाली, आणि जानेवारी ते मार्च गॉल, हें सूत्र ध्यानांत ठेवावें. बाली बेटास एप्रिल ते ऑक्टोबर कोरडें असतें. तेंही मेच्या सुटीस सोयीचें. उलट दुबई व इजिप्त हीं नोव्हेंबर ते फेब्रुवारीचीं स्थळें. मेमध्यें तेथें जाणें म्हणजे फुफाट्यांतून निघून आगींत पडणें.

एकत्र कुटुंबांत महिना ठरवितांना प्रत्येकाचें पंचांग निराळें असतें : कोणाची रजा, कोणाची दहावी, कोणाचे गुडघे. आमचें मत असें कीं, लहान मुलें बरोबर असल्यास भाऊबीज घरीं करून दुसरे दिवशीं निघावें. चातुर्मास पाळणाऱ्या वडील मंडळींनीं कार्तिकी एकादशीनंतर नोव्हेंबरअखेरपर्यंतचे दिवस धरावे. आणि मतभेद राहिलाच, तर ज्या व्यक्तीस पुन्हां जाण्याचा संभव सर्वांत कमी आहे, तिच्या सोयीचा महिना तो सर्वांचा महिना समजावा. तरुणांस दुसरा मोसम मिळेल. आजींस एकच मिळावयाचा असतो. म्हणून तिकिटें काढण्यापूर्वीं नकाशा पुढें घ्यावा, वारा कोणत्या बाजूनें वाहतो तें पाहावें, आणि मगच घरांत दिवस जाहीर करावा.