गावरान थाट, बेताच्या खर्चात

‘फार्महाऊस लूक’ हा शब्द हल्ली आपल्या पुसदपर्यंत येऊन पोचलाय. मुद्दाम रंग खरवडलेलं टेबल, तरटाची उशी, कंदिलासारखा विजेचा दिवा, भिंतीवर टांगलेली टोपली... आणि किंमत विचारली की आपण मुकाट्याने दुसऱ्या दुकानाकडे वळतो! मोठ्या शहरांत ज्यांनी शेत फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं, त्यांना हा थाट विकत घ्यावा लागतो हे समजू शकतं. पण ज्या गावाच्या चारही बाजूंनी कापूस, तूर आणि सोयाबीन उभं असतं, जिथे निम्म्या घरांचं अजून एखादं तरी वावर आहे, तिथे हे विकत कशाला आणायचं?

गेल्या दोन-तीन वर्षांत मी आमच्या सिमेंटच्या घराची बैठकीची खोली हळूहळू गावरान करत आणली. या खटाटोपात एक गोष्ट नीट कळली. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे ठरवलं तर सगळं जमतं. तर मैत्रिणींनो, पदर खोचा!

आधी माळा आवरा

बाजारात जाण्याआधी माळ्यावर चढा. गावाकडे घर असेल तर कोठ्यातही डोकावून या. पायली, अधोली, मापटं ही जुनी मापं, लाकडी रवी, पाट, कंदील, पितळी गुंड, पोळ्याची घुंगरमाळ, यातलं काही ना काही प्रत्येक घरात सापडतंच. मापट्यात पेन-पेन्सिली छान राहतात. पायलीत कुंडी बसते. पाटाला मागून दोन पट्ट्या ठोकल्या की भिंतीवरची फळी तयार. घुंगरमाळ दाराला लावा, घंटी वाजवायची गरज नाही.

जुन्या दाराची फळी किंवा चौकट सापडली तर मात्र जरा जपून. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. म्हणून असला रंग कोरडा घासू नका, ती धूळ पोटात जाते. ओला पॉलिशपेपर वापरा, काम अंगणात करा आणि लहान मुलांना लांब ठेवा. रंग घट्ट बसलेला असेल तर तो तसाच राहू द्यावा. दुकानवाले मुद्दाम करतात तो विटका रंग आपल्याकडे फुकट आलेला असतो!

भिंत बोलकी करा

मातीच्या भिंतीचं सौंदर्य बघायचं तर सेवाग्रामला जाऊन या. ३० एप्रिल १९३६ला गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. तिथली बापूकुटी मुळात मीराबेनची झोपडी. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, सगळं आपल्याच भागातलं. पण भिंतीवर मातीच्याच उठावात काढलेली ताडाची झाडं बघून आपण थबकतो. रंग नाही, चकचकाट नाही, तरीही नजर हटत नाही.

आपल्या सिमेंटच्या भिंतीवर हे थेट जमायचं नाही. पण प्लायच्या तुकड्यावर मस्त जमतं. सुताराकडे दोन बाय दीड फुटाचा उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. जुनी वर्तमानपत्रं दोन दिवस भिजवून, कुटून लगदा करा. दोन वाट्या लगद्याला एक वाटी चाळलेली माती, चार चमचे फेव्हिकॉल आणि दोन चमचे मेथीची पूड घाला. मेथी कशाला? आपल्या आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या, तेव्हा मेथीच घालायच्या. चिकटपणाही येतो आणि कीडही लांब राहते.

माती शेतातली काळी घेऊ नका. आपली काळी माती वाळली की भेगाळते, उन्हाळ्यात वावरात आपण बघतोच. कुंभाराकडची किंवा पांढरी माती घ्या. प्लायवर खडूने झाड, मोर किंवा बैलजोडी काढा, त्यावर लगद्याचा पातळ थर द्या. तो सावलीत वाळला की दुसरा थर. घाई करून जाड थर दिला की तो हमखास सुटतो. पूर्ण वाळल्यावर रात्रभर भिजवून गाळलेला गेरू लावा. वाटीभर गेरूत दोन चमचे फेव्हिकॉल घातलं की हात लावल्यावर रंग निघत नाही. वर घरात उरलेल्या पांढऱ्या डिस्टेंपरने, काडीला कापूस गुंडाळून, ठिपक्यांची नक्षी काढा. झालं!

पोत्याची किमया

धान्याच्या दुकानात रिकामा बारदाना मिळतो. तागाचंच पोतं घ्या, प्लास्टिकचं नको. आणि खताचं किंवा औषध लावलेल्या बियाण्याचं तर अजिबात नको. पोतं आधी झटका, दिवसभर कडक उन्हात टाका, मग थंड पाण्यात साबणाने एकदा धुऊन सावलीत आडवं वाळवा. किंचित दमट असतानाच इस्त्री केली की सुरकुत्या जातात.

पोतं कापलं की धागे सुटतात ही सगळ्यांची तक्रार. त्यावर सोपा उपाय म्हणजे कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी मशीनची शिलाई मारून घ्या आणि मगच कात्री चालवा. उशीचा अभ्रा करताना आतून जुन्या सुती लुगड्याचं अस्तर लावा. म्हणजे तागाची कूस कापसात शिरत नाही. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर उशा तागाच्या करू नका. भिंतीवरचा खिसे असलेला पत्राळा किंवा दाराचं पायपुसणं करा. देवघराजवळ, दिव्याजवळ ताग कधीच नको, पटकन पेट घेतो.

सूप, टोपलं आणि उजेड

बांबूच्या कामात आपला यवतमाळ जिल्हा श्रीमंत आहे. बुरूड समाजाचे कारागीर आहेतच, शिवाय आपल्याकडचे कोलाम बांधव पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या आणि तट्टे विणत आलेत. तिकडे मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राने तर बांबूच्या राख्यांपासून फर्निचरपर्यंत मजल मारली. २०१७च्या शेवटी कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणं, नेणंही सोपं झालं.

सुपाला गेरूची किनार आणि मधोमध पांढरी नक्षी काढली की भिंत सजते. टोपलं उपडं करून मधोमध होल्डर बसवला की दिव्याचं झाकण होतं. संध्याकाळी त्याच्या विणीची सावली छतावर पडते तेव्हा खोली ओळखू येत नाही. यात दिवा फक्त एलईडी, पाच-सात वॉटचा. जुना तापणारा बल्ब लावला तर बांबू करपेल. वायरिंगचं काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

बांबूखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसू लागली की समजा भुंगा लागला. वस्तू दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, नंतर कडुनिंबाचं तेल फडक्याने चोळा. माझ्याकडचं टोपलं विणणाऱ्या मावशींनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं, ‘‘ताई, याले ऊन दाखवा, पाणी नका दाखवू.’’

वावरातली फुलदाणी

प्लास्टिकच्या फुलांवर धूळ बसलेली बघवत नाही. त्यापेक्षा ज्वारीची कणसं, गव्हाच्या ओंब्या, तुराट्या आणि बोंडं फुटलेली पऱ्हाटीची फांदी एका साध्या माठात उभी करा. पांढऱ्या बोंडांची फांदी शहरात भाव देऊन विकत घेतात बरं!

पण पऱ्हाटी घरात आणताना एक पथ्य आहे. न फुटलेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते. म्हणूनच हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या साठवून ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. तेव्हा एक-दोनच फांद्या आणा, बंद बोंडं तोडून जाळून टाका आणि फांदी चांगली उन्हात वाळवा. कणसांना पावसाळ्यात बुरशी धरते. मृगाआधी ती पाखरांना टाकावी आणि नव्या हंगामात नवी आणावी.

आणखी एक, आणि हे हात जोडून सांगते. कीटकनाशकाचे रिकामे डबे रंगवून कुंड्या करू नका, कितीही छान दिसले तरी. २०१७च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने आपल्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांचे, शेतमजुरांचे जीव गेले. ते विष डबा धुतल्याने निघून जात नाही. तेलाचा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, तोही तितकाच छान रंगतो.

तांड्यावरचा कशिदा

पुसदच्या घराला खरा पुसदचा रंग चढतो तो बंजारा कशिद्याने. वसंतराव आणि सुधाकरराव नाईकांचं गहुली आपल्याच तालुक्यातलं. आजूबाजूला किती तांडे आहेत हे मी सांगायला नको. कांचळी आणि फेटियावरचं ते काम जवळून बघा. लाल-निळ्या कापडावर धागे मोजून घातलेले टाके, आरसे आणि कवड्या. छापा नाही की आराखडा नाही, सगळं डोक्यात आणि बोटांत.

इथे मात्र एक विनंती आहे. जुनी कांचळी स्वस्तात घेऊन, कापून उशीला लावायची ही शहरातली फॅशन आपण करू नये. ती कुणाच्या तरी आईने, आजीने महिनोन्‌महिने बसून शिवलेली असते आणि कापली की गेली ती गेलीच. ती बघायचीच असेल तर शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय आहे. ५ ऑक्टोबर २०२४ला त्याचं उद्‌घाटन झालं. घरासाठी नवी पट्टी सांगून करून घ्या.

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२०ची बैठक भरली, तेव्हा साडेचारशेहून जास्त बायकांनी केलेले १,७५५ नमुने मांडले गेले आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच टाक्यांच्या बहिणी आपल्या दारात आहेत. त्यांना कामच मिळालं नाही, तर नव्या सुना-लेकी हे शिकतील कशाला? तयार लेस दहा रुपयांत मिटरभर मिळते आणि पुढची पिढी सुई खाली ठेवते.

मी वीतभर रुंद आणि हातभर लांब पट्टी करून घेतली. तांड्यावरच्या ताईंनी नऊशे रुपये सांगितले. फावल्या वेळात आठवडा लागला त्यांना. आपण भाजीवालीशी करतो तशी घासाघीस करायचा मोह इथे आवरावा. आठवड्याच्या मेहनतीचा हिशेब मनाशी करा, म्हणजे तोंड आपोआप बंद होतं.

आता हिशेब

गेरू, फेव्हिकॉल आणि प्लायचा तुकडा २१० रुपये. चार पोती १६०. दोरा आणि सुतळी ९०. दोन उशांपुरता पिंजलेला कापूस १२०. वायर, होल्डर आणि दिवा २००. झाले ७८०. दोन सुपं आणि एक टोपलं ५४०, माठ १८०, कशिद्याची पट्टी ९००. हे झाले १,६२०. एकूण २,४०० रुपयांत बैठकीची खोली. आपापल्या गावात दर थोडे वरखाली होतील.

यातला वरचा आकडा आणखी कमी करता येईल. पोतं घरचं, प्लाय अडगळीतला, कापूस जुन्या गादीतला वापरा. तिथे हवी तेवढी काटकसर करा, ती गंमतही आहे. खालचा आकडा मात्र कमी करू नका. तो बुरुडाच्या, कुंभाराच्या आणि तांड्यावरच्या बाईच्या हाताचा आहे. एकदम जमत नसेल तर या दिवाळीला सूप घ्या, पट्टी पुढच्या अक्षय्य तृतीयेला. घर एका दिवसात सजलंच पाहिजे असा काही नियम नाही.

आणि पट्टी करून घ्याल तेव्हा थोडा वेळ शेजारी बसा. दोन टाके शिकून घ्या. आमच्याकडे सातवीतल्या पोरीने कवडी कशी टाचायची ते शिकून घेतलं. तिच्या शाळेच्या दप्तरावर आता तीन कवड्या आहेत. वाकड्या आहेत, पण तिच्या हातच्या आहेत.