विश्लेषण : चालती गाडी अचानक बंद का पडते? पंप, सेन्सर की आणखी काही?

कल्याणहून उल्हासनगरकडे जाताना विठ्ठलवाडी परिसरात गर्दीच्या वेळी वाहने मुंगीच्या पावलाने सरकतात. अशा कोंडीत गाडी अचानक बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात, चार जण ती ढकलून कडेला घेतात आणि पंधरा मिनिटांनी ती काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी ठणठणीत! मग अंदाजानेच आधी पंप, नंतर सेन्सर, मग कॉइल बदलली जाते. हजारो रुपये जातात, दोष मात्र तसाच राहतो. प्रत्यक्षात गाडी कशी बंद पडली, यातच ती का बंद पडली याचे बरेचसे उत्तर दडलेले असते.

इंजिन चालते कशावर?

इंजिनाला हवा, पेट्रोल आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हा मेळ यांत्रिक पद्धतीने जमत असे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तो ईसीयू हा छोटा संगणक जमवतो. पिस्टन नेमका कुठे आहे, हे त्याला क्रँकशाफ्ट सेन्सर सांगतो. हा संदेश थांबला की बहुतेक गाड्यांत ईसीयू पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो. म्हणजे बाकी सगळे धडधाकट असूनही एका छोट्या सेन्सरमुळे इंजिन थांबते.

झटक्यात बंद पडली की आचके देत?

दिवा मालवावा तसे इंजिन एका क्षणात बंद पडले, तर संशय विजेच्या बाजूवर घ्यावा. क्रँक सेन्सर, मुख्य रिले, इग्निशन स्विच, बॅटरीचे सैल टर्मिनल किंवा खराब अर्थिंग यांपैकी काही तरी असते. आचके देत, पिकअप सोडत बंद पडले तर पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता अधिक. त्यामागे थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर असू शकतो. साध्या एमपीएफआय गाडीत पेट्रोलचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. तो गेजने मोजता येतो. केवळ सिग्नलला थांबल्यावर इंजिन बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन किंवा हवेची गळती आधी तपासावी.

थंड झाल्यावर सुरू का होते?

क्रँक सेन्सरच्या आतील बारीक तारेची गुंडाळी किंवा सर्किट उष्णतेने दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करू लागते. थकलेला पंपही असाच वागू शकतो. म्हणून तपासणी गाडी बंद असतानाच करावी. चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद 'घूं' असा आवाज येतो का, ते ऐकावे. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का, ते पाहावे. अनेक गाड्यांत काटा शून्यावरच राहिला, तर क्रँक सेन्सरकडे बोट जाते.

सीएनजी गाडीत वेगळे काय?

सतत सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलकडे दुर्लक्ष होते. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी जवळपास रिकामी ठेवल्यास तो लवकर खराब होतो. गॅस संपून गाडी पेट्रोलवर जाताना बंद पडत असेल, तर पेट्रोलचा पंप व इंजेक्टर तपासावेत.

स्कॅनर सगळे सांगतो का?

नाही. 'पी०३३५' हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष असल्याचे सांगतो. दोष सेन्सरमध्ये असेल, तसाच तुटलेल्या वायरमध्ये किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्येही असू शकतो. त्यामुळे कोड दिसताच भाग बदलू नये. स्कॅन करण्याआधी बॅटरीची वायर काढू नये, अन्यथा नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

पाण्यात बंद पडली तर?

अंबरनाथ-उल्हासनगरमार्गे कल्याणकडे येणाऱ्या वालधुनी नदीचे पाणी मुसळधार पावसात काठच्या भागात शिरते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावे लागते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे जोड संरक्षण लागते.

वेगात असताना बंद पडली तर काय करावे?

धोक्याचे दिवे लावावेत. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न सोडता जोराने दाबून धरावा. स्टीअरिंग जड होते, पण वळते. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नये, कारण स्टीअरिंग लॉक होऊ शकते.

गाडी कडेला लागल्यावर चार गोष्टी मोबाइलवर टिपाव्यात : इंजिन गरम होते की थंड, झटक्यात थांबले की आचके देत, टाकीत पेट्रोल किती होते आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाले. एवढी माहिती हाती असेल, तर मेकॅनिकला अंदाजाने भाग बदलण्याची गरज सहसा पडत नाही.