फोटोच्या कडेकडेने

पोलरॉइड फोटोची खालची पांढरी पट्टी एवढी जाड का? नाव-तारीख लिहायला ती सोयीची पडते, पण तिचं खरं काम वेगळंच होतं. १९७२मध्ये आलेल्या एसएक्स-७० कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत त्या पट्टीआड रसायनाची चपटी पुडी असायची. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून दाबला जाई, पुडी फुटे, रसायन चित्रभर पसरे आणि उरलंसुरलं समोरच्या कडेत अडकून राही. आज मोबाइलच्या फोटोलाही लोक हौसेने तशीच बॉर्डर जोडतात. पुडी गेली, पट्टी राहिली!

कोडॅकने तर कडांचा प्रश्न कोपऱ्यांसकट काढून टाकला होता. १८८८च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यातून निघायचे चक्क गोल फोटो, अडीच इंच व्यासाचे. त्या भिंगाचं चित्र कोपऱ्यांत अस्पष्ट यायचं, म्हणून कोपरेच झाकले. शिवाय कॅमेरा थोडा तिरका धरला गेला तरी गोल फोटोत ते खुपत नाही.

पांढरी चौकट, काळी चौकट

आजीच्या अल्बममधल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंना पांढरी किनार असते. डार्करूममध्ये कागद सपाट राहावा म्हणून धातूच्या पट्ट्या त्याच्या कडा दाबून धरत. पट्टीखाली प्रकाश पोचायचा नाही, आणि जिथे प्रकाश नाही तिथे कागद धुतल्यावर पांढराच राहायचा. काळ्या चौकटीचं उलटं. निगेटिव्हमधल्या चित्राभोवतीची फिल्म पारदर्शक असते; तिच्यातून प्रकाश आरपार गेला की कागदावर काळी रेघ उमटते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या प्रिंटांवर ही रेघ दिसते. ‘टिपलं तेवढं सगळं छापलंय, काही कापलेलं नाही’ याची ती खूण. गंमत अशी, की त्याचा सर्वांत गाजलेला फोटो, १९३२मधला पॅरिसच्या स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, हा मात्र कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून टिपताना फळी आड आली होती.

आठचा हिशेब

स्टुडिओत एका शीटवर आठ पासपोर्ट फोटो मिळतात. ही युक्ती किती जुनी असेल? १८५४मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. अशा कॅमेऱ्यातून एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेता येऊ लागले. मग ते कापायचे आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवायचे. फोटो स्वस्त झाले आणि लोक ते एकमेकांना वाटू लागले. कापण्याच्या खटपटीतून एवढी मोठी लाट उठली, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता आपल्या चार बाय सहा इंचांच्या कागदाचं गणित पाहा. तो भरतो साधारण १०२ × १५२ मिलिमीटर. पासपोर्ट फोटो ३५ × ४५. एका ओळीत चार बसवले की १४०, म्हणजे उरले १२. दोन ओळींचे ९०, उरले पुन्हा १२. दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच जागा उरते! अमेरिकी व्हिसाचा फोटो दोन बाय दोन इंच. तो याच कागदावर सहा वेळा बसतो आणि काडीचीही जागा उरत नाही.

कोपऱ्यातल्या बारीक रेघा

छापखान्यातून आलेल्या कच्च्या शीटवर कोपऱ्यांपाशी बारीक रेघा दिसतात, ते कट मार्क. नीट पाहा, त्या चित्राच्या कोपऱ्याला भिडत नाहीत, थोडं अंतर राखून थांबतात. भिडल्या असत्या, तर पाती केसभर सरकली तरी रेघेचा तुकडा चित्रावर राहिला असता. या रेघा निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही शाईंत एकावर एक छापलेल्या असतात. रंग हलला तर तिथेच रंगीत सावली दिसते.

रंग जुळवताना काय होऊ शकतं, ते १८५४च्याच एका टपाल तिकिटाने दाखवलं. कलकत्त्याला छापलेलं चार आण्यांचं ते तिकीट दोन रंगांचं होतं: आधी लाल चौकट, मग निळी राणी. काही कागद दुसऱ्या फेरीला उलटे गेले आणि व्हिक्टोरिया डोक्यावर उभी राहिली. संग्राहक आज ती तिकिटं जिवापाड जपतात.

कट मार्कच्या जोडीला ब्लीड हवंच, म्हणजे चित्र कापायच्या रेघेबाहेर ३ मिलिमीटर जास्त पसरवायचं. इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने हे जेमतेम ३५ पिक्सेल होतात, पण तेवढ्यानेच कडेला पांढरी चीर दिसायची वाचते. ब्लीड आणि रेघा मावाव्यात म्हणून छापण्याचा एसआरए३ कागद ३२० × ४५० मिलिमीटर असतो, ए३ मात्र २९७ × ४२०च.

आणि हे मी आग्रहाने सांगेन: नाजूक बॉर्डरचा मोह टाळा. ३ मिलिमीटरची किनार स्क्रीनवर देखणी दिसते. थप्पी कापताना पाती १ मिलिमीटर सरकली की एका बाजूला २ उरतात आणि दुसऱ्या बाजूला ४, म्हणजे थेट दुप्पट. डोळा ते क्षणात पकडतो. तीच किनार १० मिलिमीटरची ठेवा. ९ आणि ११ मधला फरक पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. फिक्या आभाळाच्या फोटोला पांढरी बॉर्डर द्यायची असेल, तर चित्राभोवती करड्या रंगाची बारीक रेघ ओढा, नाहीतर आभाळ कुठे संपलं तेच कळणार नाही.

बॉर्डर नसलेले फोटो

इंकजेट प्रिंटर बॉर्डरलेस फोटो छापतो तेव्हा शाई मुद्दाम कागदाबाहेरही फवारतो. आत बसवलेला स्पंज ती शोषून घेतो. कॅननच्या छोट्या सेल्फी प्रिंटरचा कागद पिवळ्या, किरमिजी, निळ्या आणि वरच्या पारदर्शक थरासाठी चार वेळा आत-बाहेर करतो. त्याला पकडायला दोन्ही टोकांना भोकं पाडलेल्या पट्ट्या असतात. छापून झालं की त्या तोडून टाकायच्या, उरतो तो कडेपर्यंत छापलेला फोटो.

घरी पासपोर्ट फोटोंचं शीट करणाऱ्यांनी इथे जपावं. बॉर्डरलेस छापताना यंत्र चित्र किंचित मोठं करतं. दोन टक्क्यांनी वाढलं तरी ४५चा फोटो जवळपास ४६ होतो. म्हणून दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत बरोबर ५ सेंटिमीटरची बारीक रेघ टाका. छापून आल्यावर तिला फूटपट्टी लावा. ती ५१ मिलिमीटर भरली, तर कात्री उचलू नका. बॉर्डरलेसचा पर्याय बंद करून शीट पुन्हा छापा.