हिंजवडीची वेस

मुळशी तालुक्यातील रोजगाराचा मागोवा घेऊ गेल्यास त्याचा आरंभ हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपाशी नव्हे, तर १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध जो सत्याग्रह मांडला, त्यापाशी करावा लागतो. कारण मुंबईच्या उद्योगांना वीज मिळावी म्हणून ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढले, त्यांना त्या उद्योगांत कोणते स्थान, हा प्रश्न त्या वेळी अनुत्तरित राहिला आणि पुढे याच तालुक्यात हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली तेव्हा तो पुनश्च उपस्थित झाला.

या शतकभरात उद्योगांत शिरण्याची वाट स्त्रियांपुरती मोकळी होत गेली, हे निःसंशय. १९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी अट होती. सुधा कुलकर्णी यांनी त्याविरुद्ध थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुढे त्यांची तेथे अभियंता म्हणून नेमणूक झाली. परंतु दरवाजा उघडणे निराळे आणि आत निर्भयपणे वावरता येणे निराळे. २००७ साली रात्रपाळीला निघालेल्या पुण्यातील एका तरुणीवर तिला नेण्यास आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह अत्याचार करून तिचा खून केला, तेव्हा रात्रीचे काम स्त्रियांना खुले करताना मालकाच्या शिरावर कोणती जबाबदारी येते, हे साऱ्या महाराष्ट्राला कळून चुकले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निर्णयात घालून दिलेल्या सूत्रांना २०१३ साली कायद्याचे रूप आले; महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रीची संमती आणि तिच्या संरक्षणाची तजवीज या अटींवर रात्रपाळीस परवानगी दिली. लगतच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने तर २०२२ साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून नेमले, ही मला या साऱ्या कालखंडातील अत्यंत आश्वासक घटना वाटते.

तरीही ज्यांच्या वडिलांच्या नावे हिंजवडी-माणच्या जमिनींचे सातबारे होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला त्याच जमिनीवरील पहारा, सफाई आणि गाडी हाकणे एवढेच आले, आणि तेही कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. सर्वसमावेशकतेची भाषा प्रामुख्याने संगणकापुढे बसणाऱ्यांसाठी बोलली जाते. वस्तुतः २०१३ च्या कायद्याने कर्मचारी या संज्ञेत कंत्राटी व रोजंदारी स्त्रियांचाही स्पष्ट समावेश केला आहे, दहा किंवा अधिक माणसे राबतात तेथे अंतर्गत समिती अनिवार्य केली आहे आणि त्याहून लहान आस्थापनांतील स्त्रियांकरिता जिल्ह्याची स्थानिक समिती नेमून दिली आहे. पहाटे लादी पुसणाऱ्या बाईला आपली तक्रार कंपनीच्याच समितीपुढे नेता येते, ही गोष्ट मराठीत, तिच्या हजेरीच्या जागी, ठळक अक्षरांत लावण्याचे काम प्रत्येक कंपनीने तातडीने हाती घ्यावे, आणि समितीच्या वार्षिक अहवालात कंत्राटी स्त्रियांच्या तक्रारींची नोंद स्वतंत्रपणे करावी.