चाकांची सरळ चाल

जुवाला जुंपलेल्या जोडीपैकीं एका बैलानें आंत ओढ घेतली, तर गाडीवान तत्काळ सावध होतो. कारण एकाच्या चुकीचा भार दोघांच्याहि मानेवर पडतो. मोटारीच्या पुढील दोन चाकांची स्थिति अशीच आहे. मात्र येथें तक्रार करणारें जनावर नसतें. चाकें मुकाट्यानें घांसत राहतात, आणि कांहीं महिन्यांनीं टायर एका कडेला गुळगुळीत झाला म्हणजे दोष रस्त्याला किंवा टायर विकणाऱ्याला दिला जातो.

हें घांसणें किती असतें, याचा हिशेब सोपा आहे. १९८३ ते २०१४ या काळांत तयार होत असलेली मारुती ८०० ही मोटार घेऊं. तिच्या चाकाचा व्यास टायरसकट सुमारें ५०० मिलिमीटर. आतां दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतरापेक्षां अवघें ५ मिलिमीटर कमी आहे असें समजावें. हा कल शंभरांत एक झाला. म्हणजे एक किलोमीटर जातांना त्या चाकांना परस्परांच्या १० मीटर जवळ यावयाचें असतें! गाडीची बांधणी तें होऊं देत नाहीं. रबराचा लवचिकपणा यांतील बराच भाग सोसतो. उरलेला झिजेच्या रूपानें प्रकट होतो. झिजलेल्या टायरच्या खांचा पावसाळ्यांत पाणी बाहेर टाकूं शकत नाहींत, आणि मग प्रश्न पैशाचा न राहतां जिवाचा होतो.

पुढें आंत वळलेल्या या कलास टो-इन व बाहेर वळलेल्या कलास टो-आउट म्हणतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत रस्त्याचा विरोध पुढील चाकांना बाहेर ढकलतो. तो गृहीत धरून त्यांस बहुधा किंचित् टो-इन दिलेला असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाची ओढ त्यांना आंत आणते, म्हणून तेथील माप निराळें असतें. यास्तव शेजाऱ्याच्या गाडीचें माप उपयोगी नाहीं. आपल्या गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंतीलच प्रमाण मानावें.

मापनापूर्वीं टायरांतील हवा सारखी करावी आणि चाकांत व सांध्यांत खुळखुळ नाहीं, याची खात्री करून घ्यावी. गाडी एका बाजूस ओढते याचें कारण पुष्कळदां कमी हवा किंवा अडकलेला ब्रेक हेंच असतें. सैल सांध्यावर घेतलेलें माप म्हणजे हलत्या तराजूवर केलेलें वजन होय.

नंतर गाडी सपाट फरशीवर आणून एकेक पुढील चाक जॅकनें किंचित् उचलावें. टायरच्या मध्यभागीं खडू फांसून, स्थिर ठोकळ्यांत बसविलेला खिळा त्यास टेकवावा व चाक फिरवावें; बारीक रेघ उमटते. चाकें खालीं टेकवून, स्टिअरिंग सरळ धरून, गाडी चार पावलें पुढें ढकलावी, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागीं बसतात. आतां चाकांच्या मागील बाजूस, मध्याच्या उंचीवर, दोन्ही रेघांवर एकेक खूण करून तेथून गवंड्याचा ओळंबा सोडावा आणि फरशीवर उमटलेल्या बिंदूंमधील अंतर मोजावें. गाडी अर्धा फेरा पुढें ढकलली कीं त्याच खुणा समोर येतात. तेथेंहि तसेंच माप घ्यावें. त्याच खुणा वापरल्यानें चाक थोडें वांकडें असलें तरी तो दोष मापांत शिरत नाहीं. मागचें माप अधिक भरल्यास टो-इन, पुढचें अधिक भरल्यास टो-आउट.

फरक आढळल्यास दोन्ही बाजूंच्या टाय रॉडवरील लॉकनट सैल करून रॉड पाव-पाव फेरा, दोहोंकडे सारखेच, फिरवावे. एकच फिरविल्यास स्टिअरिंग तिरकें बसतें. रॉड आंसाच्या मागें असेल तर त्याची लांबी वाढविल्यानें टो-इन वाढतो; पुढें असेल तर उलट घडतें. रबरी वेष्टणास पीळ पडूं देऊं नये. प्रत्येक बदलानंतर गाडी मागें-पुढें ढकलून पुन्हां मोजावें, आणि शेवटीं लॉकनट पक्के आवळावे. केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखालीं मात्र कोणीहि शिरूं नये. भक्कम घोड्यांचा आधार दिल्यावांचून तें काम हातीं घेणें म्हणजे अपघातास आमंत्रणच.

या रीतीस मर्यादाहि आहे. चाकाचा उभा कल व त्याच्या वळण्याच्या आंसाचा कल ओळंब्यानें व टेपनें नीट साधत नाहींत. गाडीस धक्का बसला असेल, किंवा इतकें करूनहि टायर एकाच कडेनें झिजत असेल, तर यंत्रसाहित्य असलेल्या गॅरेजचाच आश्रय घ्यावा. परंतु तेथें जाणाऱ्या मालकाजवळ स्वतः घेतलेलीं दोन मापें असलीं, तर कोणतें काम करवून घ्यावयाचें हें त्याला आधींच ठाऊक असतें. आणि काम झाल्यावर तें खरोखरच झालें कीं नाहीं, हेंहि तो घरीं येऊन त्याच खडूनें व ओळंब्यानें पडताळूं शकतो.