हुकूम कोणता, निरोप कोणता?

अजिंठ्याचा घाट उतरून जळगांवकडे जातांना, लेण्यांपासून थोड्याच अंतरावर फर्दापूर हें गांव लागतें. भोंवतालीं कपाशीचीं शेतें आहेत. शेतीची वीज कित्येकदां रात्रींच मिळते. अशा वेळीं पंप चालू करण्यासाठीं अंधारांत, साप-विंचवांच्या वाटेनें विहिरीवर जाणें हें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेलें संकट होय. अलीकडे पुष्कळ शेतकरी पंपाच्या पेटींत सिमकार्ड असलेला ‘मोबाईल स्टार्टर’ बसवितात आणि घरूनच फोन लावून पंप चालू करतात. पेटींतील या निरोप्याची भाषा कोणती? ती भाषा मोबाईलहून जुनी आहे, आणि तिचा जन्म टेलिफोनच्या तारेसाठीं झाला.

टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठीं घातलेली. संगणकाचे आंकडे तिच्यावरून जाऊं शकत नाहींत. म्हणून आंकड्यांचे सूर आणि सुरांचे पुन्हा आंकडे करणारें एक यंत्र मध्यें ठेवावें लागतें. तेंच मोडेम. मुंबईंत १९८६-८७ च्या सुमारास जुहूचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनवरूनच संगणकीय पत्रांची देवघेव सुरू झाली. पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें, तेव्हां मोडेम मध्यमवर्गीय घरांतही आलें.

परंतु येथें एक अडचण होती. संगणकापासून मोडेमपर्यंत मार्ग एकच. त्याच मार्गानें पलीकडे पोंचवावयाचा मजकूर जाणार, आणि ‘अमुक नंबर लाव’, ‘फोन ठेव’ असे मोडेमला द्यावयाचे हुकूमही जाणार. पत्रांतच ‘फोन ठेव’ असें लिहिलेलें असेल, तर नोकरानें तें पोंचवावें कीं पाळावें?

अमेरिकेंतील हेज कंपनीनें १९८१ सालीं काढलेल्या ‘स्मार्टमोडेम’मध्यें याचें उत्तर सांपडतें. फोन लागलेला नसतांना प्रत्येक हुकुमाच्या आरंभीं ‘ए’ आणि ‘टी’ हीं अक्षरें लिहावयाचीं. हा ‘अटेन्शन’ या शब्दाचा संक्षेप, म्हणजे कवाइतींतील ‘सावधान’च. याच दोन अक्षरांवरून संगणक किती वेगानें बोलत आहे, हेंही मोडेम ओळखतें. त्यापुढें ‘डी’ म्हणजे नंबर लाव, ‘एच’ म्हणजे फोन ठेव, ‘ए’ म्हणजे आलेला फोन उचल. नंबर सुरांनीं लावावयाचा असल्यास ‘डीटी’. तबकडीच्या फोनचीं जुनीं एक्स्चेंजें असतील तेथें ‘डीपी’, म्हणजे पांचासाठीं तार पांच वेळां तोडून जोडावयाची. स्वल्पविराम दिला कीं मोडेम सामान्यतः दोन सेकंद थांबतें. उत्तरेंही मोजक्या शब्दांचीं: ‘ओके’, ‘बिझी’, ‘कनेक्ट’.

‘कनेक्ट’ नंतर मात्र येणारें प्रत्येक अक्षर मजकूर समजलें जातें. मग मध्येंच हुकूम द्यावयाचा कसा? एक सेकंद कांहीं पाठवावयाचें नाहीं, मग बेरजेचीं तीन चिन्हें, आणि पुन्हां एक सेकंद स्तब्धता. मजकुराच्या ओघांत तीन चिन्हें येतील. परंतु त्यांच्या मागेंपुढें नेमकी अशी शांतता सहसा येणार नाहीं. हुकुमाची खूण अक्षरांत नव्हे, तर मौनांत ठेविली होती.

या मौनाचें महत्त्व पुढें अनुभवानेंच पटलें. युक्तीवर हेज कंपनीचें पेटंट होतें, म्हणून इतर कांहीं मोडेमांत शांततेची अट गाळली गेली. त्याचा परिणाम असा झाला कीं, १९९० नंतरच्या दशकांत खोडसाळ लोक तीं चिन्हें व ‘फोन ठेव’चा हुकूम निरोपांत घालून पाठवीत, संगणकानें तो निरोप जसाच्या तसा परत धाडला कीं त्याचेंच मोडेम त्याला हुकूम समजून फोन तोडून टाकी.

टेलिफोनवरील मोडेम घरांतून गेलें. परंतु मोबाईलचें तंत्र ठरविणाऱ्या संस्थांनीं हीच आज्ञावली स्वीकारली व वाढविली. पंपाच्या पेटींत फोन आला कीं मोबाईलचा भाग ‘रिंग’ असा शब्द देतो. शेजारचा लहानसा संगणक फोन करणाराचा नंबर पडताळतो, आणि ‘ए टी ए’ म्हणून फोन उचलावयास सांगतो. मग दाबलेल्या आंकड्याप्रमाणें पंप चालू अथवा बंद होतो. नंबर पडताळणें म्हणजे हुकूम मालकाचाच आहे ना, हें पाहणें. म्हणून स्टार्टर बसवितांना त्यांत केवळ घरच्या माणसांचेच नंबर नोंदवावेत. तेवढी दक्षता घेतली, तर रात्रीं विहिरीची वाट तुडविण्याचें काम हा आज्ञाधारक निरोप्या बिनचूक करील.